जानकीची काळुंदरं

"आधी त्याचा तोंड बगा, बाबा. तोंड मोठा झाला की बारके मासे त्यात मावतत. मग सकाळी ते दिसाचे नाय," सायली म्हणाली, आणि बाबांनी काचेला नाक लावून माशाचं तोंड पाहिलं.

आत आदोळीवर नारळ खवत बसलेल्या जानकीला सगळं ऐकू येत होतं. बाहेरच्या सालात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, तिचा सासरा आणि धाकटी जाऊ माशांच्या टाकीसमोर खुर्च्या जोडून बसले होते. जानकी या घरात सून होऊन आली त्याला किती वर्षं झाली, पण तिच्यासाठी बाबांनी कधी खुर्ची ओढली नव्हती. तिला बसायला वेळ कुठे होता म्हणा. पण ओढली नव्हती.

बाबा, म्हणजे पांडुरंग, खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद झाली, मग बायको गेली, मग छातीत दुखायला लागलं. मन कशात तरी रमवा, असं डॉक्टर म्हणाले. धाकट्या देवेशने डिचोलीहून काचेची टाकी आणली, आणि देवेशची नवी नवरी सायली हिने ती भरायचं काम अंगावर घेतलं. तिच्या सावंतवाडीच्या माहेरी तशी टाकी होती. बारक्या माशांबरोबर तिने लांब पंखांचे तीन एंजल मासे आणले. दुकानात गेली की ती प्रत्येक माशाची चौकशी करी. हा केवढा वाढणार, वर फिरतो की तळाला, दुसऱ्याच्या शेपट्या कुरतडतो का. स्थळ बघायला आल्यासारखी विचारते, असं जानकी नवऱ्याला म्हणाली. अमोल हसला नाही. हल्ली जेवण झालं की तोही टाकीपाशीच जायचा.

जानकीचा जळफळाट व्हायला एवढं पुष्कळ होतं. मासे हा या घरात तिचा विषय होता. डिचोलीच्या बाजारात कोळणी तिच्यापुढे शिळा मासा काढायला धजत नसत. तिच्या हातची आमटी भातावर घेतली की बाबा म्हणायचे, "तुझ्या हाताक चव आसा, जानकी." बोलण्यात कंजूष माणूस, पण हे एक वाक्य म्हणायचा, आणि जानकीचे दिवस त्याच्यावर निघायचे. दुखण्यापासून बाबांच्या ताटातलं मीठ गेलं, तेल गेलं, त्यांच्यामागून ते वाक्यही गेलं. आता बाबा मुकाट्याने चार घास खात आणि उठून सायलीच्या माशांकडे बघत बसत. श्रावणात तर घरात मासे होते ते तेवढेच, आणि सगळं घर त्यांच्याभोवती.

श्रावणातच जानकी चोपड्याला माहेरी गेली. तिथे तिच्या भावाकडे, जयरामकडे, मानस होती. भरतीचं पाणी शेतात घ्यायचं ते दार. ओहोटीला तिथे जाळं लावलं की मासळी आपसूक येते.

"माका दोन काळुंदरां जाय. जितीं," ती म्हणाली.

"श्रावणांत?"

"खावपाक न्हय रे. टाकयेंत घालूंक."

जयराम पोट धरून हसला. पण तळहाताएवढी दोन काळुंदरं त्याने बालदीत सोडली. "पावसान न्हंयचें पाणी गोडें जालां. जगतलीं," तो म्हणाला.

जानकी मुळगावला सासरी परतल्यावर सायलीने बालदीत डोकावून पाहिलं. "वैनी, मासे बरे आसत. पण हे मोठे. ह्यांका आपली वेगळी जागा लागता. एंजलांबरोबर नको."

"तुवें काळुंदर कापलां केन्ना?" जानकीने विचारलं. "पोट फाडलें की शेवाळ मेळटा, आनी कांय ना. मासो खावपी मासो न्हय तो."

ज्याचं पोट आपण इतकी वर्षं साफ केलं त्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक नसेल, हे जानकीच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

"जानकी म्हणटा, तर आसूं दी," बाबा म्हणाले. आणि त्यांनी तिसरी खुर्ची ओढली.

पुढचे काही महिने जानकीचं सगळं बरं चाललं. काळुंदरं खरंच शेवाळ खात, भाताची शितं खात. जानकी जवळ आली की ती काचेपाशी येत, आणि ती हे ज्याला त्याला दाखवी. आपण लहानपणी खाडीत गळ टाकून कशी काळुंदरं धरली ते बाबा सांगत, आणि ते सायलीकडे नव्हे, तिच्याकडे बघून सांगत. सायली हसून ऐके. तिला राग का येत नाही याचाच जानकीला राग येई.

दिवाळी झाली आणि काळुंदरं बिघडली. टाकीच्या कोपऱ्यात सायलीने कौलाचा तुकडा उभा ठेवला होता. दोघं तिथून हलेनात, आणि कोणी जवळ आलं की अंगावर धावून जात. पांढऱ्या एंजलच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. एका सकाळी तो वर तरंगत होता. सायलीने त्याला कागदात गुंडाळून परसात नेऊन पुरलं. तिचे डोळे लाल झाले होते. खोटं कशाला सांगायचं, जानकीला आत कुठेतरी बरं वाटलं.

बाबांना वाटलं नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी सायली वाकून कौल बघत होती. त्याच्या एका बाजूला बारीक पिवळे दाणे चिकटले होते.

"अंडी घातली हत, बाबा. म्हणान मारतत. ही जागा आपली, असा वाटता त्यांका."

"वाटूं दी. पूण दोगांक एका टाकयेंत जमचें ना," बाबा म्हणाले. "खंयचीं काडूंया गो, सायली? एंजल काय काळुंदरां?"

जानकी तिथेच, तिसऱ्या खुर्चीवर होती.

"वैनीक विचारा," सायली म्हणाली.

बाबांनी विचारलं नाही. ते उरलेल्या दोन एंजलांकडे बघत होते. मग देवेश म्हणाला की रविवारी तो काळुंदरं चोपड्याला सोडून येईल, आणि विषय संपला.

रविवारपर्यंत जानकी थांबली नाही. बुधवारी बाबा आडवे झाले होते आणि सायली कपडे वाळत घालत होती, तेव्हा तिने चाळणी टाकीत घातली. एक सहज आलं. दुसऱ्याने कौल सोडला नाही, तिच्या बोटाला कडकडून चावलं. तिने दोन्ही साफ केली. पोटात हिरवं शेवाळच होतं. ती खोटं बोलली नव्हती. मग चिरा पाडून रेशाद मसाला भरला, रव्यात घोळवून तव्यावर टाकली.

एक बाबांच्या ताटात वाढलं, एक सायलीच्या.

सायलीने ताटाकडे पाहिलं, मग सालाकडे. "माका आज भूक नाय, वैनी," ती हळूच म्हणाली आणि उठली.

बाबांनीही एकदा सालाकडे पाहिलं. मग त्यांनी मासा मोडला. मीठ, तेल, डॉक्टर, कशाचीही आठवण न काढता त्यांनी काटे चोखून तो संपवला. हात धुवायला उठताना, खाली बघत, ते म्हणाले, "तुझ्या हाताक चव आसा, जानकी."

एखाद्याचं देणं देऊन टाकावं तसं ते म्हणाले. जानकी डाव धरून उभी राहिली. आता बरं वाटेल, आता वाटेल, म्हणून तिने वाट पाहिली.

"वैनी, हयसर येवा," बाहेरून सायलीने हाक मारली. तिच्या आवाजात राग नव्हता. "एंजल भायर इले. आता भियनत नाय."

जानकी सालात आली. सायली होती त्या बाजूने कौलाची पाठ दिसत होती. जानकीला पुढची बाजू दिसत होती. दोन्ही एंजल कौलाशी उभे राहून, अगदी शांतपणे, एकेक दाणा टिपून खात होते.

"बऱ्यांनी खेळतत ना?" सायलीने विचारलं.

"हय," जानकी म्हणाली.

चावलेल्या बोटात मसाला गेला होता, तो आता झोंबायला लागला. बोट पदरात धरून ती तिसऱ्या खुर्चीवर बसली आणि कौल स्वच्छ होईपर्यंत बघत राहिली.