विहिरीचा दोर धानात उतरला

मित्रांनो, एकोडीच्या डोमाच्या पडवीत खुंटीला जो काळपट, जाडजूड दोर लटकलेला दिसतो, तो मी. अंबाडीच्या वाखाचा आहे. बाजारात हल्ली हिरवे-निळे नायलॉनचे दोर मिळतात. ते हलके असतात आणि दिसायलाही देखणे. मी जुना, अंगावर कुसं निघालेली, आणि एकदा भिजलो की उचलणाऱ्याचा खांदा भरून येतो. या जडपणाला सगळे नावं ठेवत.

मला डोमानंच वळलं. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, अंबाडी कापून त्यानं बोडीत, म्हणजे शेताकडेच्या लहान तळ्यात, कुजत घातली. मग वाख सोलून वाळवला आणि पीळ देत बसला. दुसरं टोक त्याच्या बायकोच्या, मंगलाबाईच्या हातात असे. तिचा हात ढिला पडला की डोमा ओरडायचा, आणि ती म्हणायची, "ओढा तुमीच. तिकडं माया भाकरी करपून राहिल्या."

पुढे कित्येक वर्षं मी विहिरीवर पाणी ओढलं. उन्हाळ्यात सारी आळी माझ्या भरवशावर असायची. मग घरोघर नळ आले. विहिरीवर झाकण पडलं आणि मी बैल बांधायला, तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे आवळायला राहिलो. वाईट वाटलं, पण दोराला कोण विचारतो?

बैलांसोबत शेतात जायला मिळत होतं, हे मात्र बरं होतं. डोमाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, लागूनच यादोरावची बांधी आहे. यादोरावची वरच्या अंगाला, डोमाची खालच्या अंगाला, आणि कडेला डोमाची बोडी. दोघं लहानपणापासूनचे शेजारी. बुद्धपौर्णिमेला मंगलाबाईच्या खिरीचा डबा यादोरावच्या घरी जायचा आणि पोळ्याला तिकडून करंज्यांचा डबा यायचा.

हे डबे मागच्या वर्षी बंद झाले. यादोराव धानावर औषध फवारत होता आणि वारा बोडीकडे वाहत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बोडीतले मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले. डोमानं ते मोठ्या कष्टानं वाढवले होते. मी तिथेच खुंट्याला बांधलेला होतो.

"यादोराव, वारा पाहून त मारा जी," डोमा म्हणाला.

"वारा का मी सोडला?" यादोराव उसळला. "माया धानाले रोग लागला त मी हात बांधून बसू का?"

एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून एकाच धुऱ्यावर समोरासमोर आले तरी दोघं वाट बदलू लागले.

यंदा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपून धान हिरवं झालं, आणि पानं कात्रीनं कापल्यासारखी दिसू लागली. सुरळीतली अळी आली होती. ही अळी पानाचा तुकडा कापते, त्याची सुरळी करून आत बसते आणि बांधीतल्या पाण्यावर तरंगत या झाडावरून त्या झाडावर जाते. कृषी सहायक तृप्ती मॅडमनी गावात बैठक घेतली. घरी आल्यावर डोमा मंगलाबाईला सांगत होता, ते मी ऐकलं. बांधीत पाणी ठेवायचं, धानावरून दोर ओढायचा, सुरळ्या पाण्यात पाडायच्या आणि मग ते पाणी काढून द्यायचं. औषध मारायची वेळ आलीच तर अंग झाकायचं, दोन औषधं मिसळायची नाहीत. विषबाधा झाली तर कपडे काढून साबणानं धुवायचं आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.

"मंग लोकं का म्हणाले?" मंगलाबाईनं विचारलं.

"हासले. नत्थू म्हणे, आता धानाले फाशी द्याची का? यादोरावचा कैलाशही खी खी करून राहिला होता."

त्याच कैलाशनं दोन-चार दिवसांनी भर दुपारी पंप पाठीवर घेतला. जवान पोरगा, अंगात बनियन, तोंडाला काही नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून दोन औषधं बादलीत ओतून त्यानं हातानंच ढवळली. डोमा खालच्या धुऱ्यावर बैल चारत होता. थोड्या वेळानं कैलाश चालता चालता झोकांड्या खाऊ लागला. त्यानं पंप टाकला, खाली बसला आणि ओकू लागला. तोंडातून लाळ गळत होती.

डोमा बैल सोडून धावला. त्यानं कैलाशचं बनियन फाडून काढलं आणि बायकोला हाक मारली. मंगलाबाई हाकेच्या अंतरावरच्या घरून घागर आणि साबण घेऊन आली. हाताला कापड गुंडाळून तिनं त्याचं अंग धुतलं. तोवर यादोरावही पळत आला होता. 

चिखलाच्या वाटेनं गाडी येणं शक्य नव्हतं. मग डोमानं घरून खाट आणली, बैलाच्या गळ्यातून सोडून मला तिच्या चारही पायांना आवळलं, मधून बांबू घातला आणि कैलाशला कुशीवर निजवलं. पुढे डोमा, मागे यादोराव. चिखलात पाय घसरत होते. खाट हेलकावली की सारा भार माझ्यावर येई. मित्रांनो, विहिरीच्या भरल्या बादल्या मी खूप ओढल्या, पण असा भार कधी पेलला नव्हता. वाख ताणला जाऊन आतून कुरकुरत होता. मी तुटलो नाही. डांबरी रस्त्याला ऑटो मिळाला. डोमानं दोन्ही बाटल्या पिशवीत घालून यादोरावच्या हाती दिल्या. "डॉक्टरले दाखवजा. विसरू नोका."

कैलाश वाचला. धुऊन आणलं आणि बाटल्या दाखवल्या म्हणून उपचार लवकर सुरू करता आले, असं डॉक्टर म्हणाले. पण त्याला बरेच दिवस भंडाऱ्याला दवाखान्यात राहावं लागलं.

अळी काही कोणासाठी थांबत नाही. यादोराव घरी आला तेव्हा बांधी पांढरी पडत चालली होती. त्यानं पंप उचलला, तशी त्याची बायको, सत्यभामाबाई, दारात आडवी आली; हे पुढे तिनंच मंगलाबाईला सांगितलं.

"पोरगा दवाखान्यात निजला हाये, आन तुमी तेच औषध पाठीवर घेऊन राहिले?"

"मंग धान जाऊ देऊ का?"

"मॅडमनं दोराचं सांगितलं होतं ना?"

"त्याले जड दोर लागते. नायलॉनचा वरच्यावर घसरून जाते."

"जड दोर कोनाकडं हाये, तुमाले मालूम हाये," सत्यभामाबाई म्हणाली.

संध्याकाळी यादोराव आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना. पावसाचं बोलला, बैलांचं बोलला. शेवटी मंगलाबाईच म्हणाली, "भाऊजी, कैलाश कसा हाये?"

"बरा हाये. हात कापते अजून." मग तो खाली पाहत म्हणाला, "डोमा, बोडीच्या वक्ती मी बोललो, ते चुकलंच. दोर पाह्यजे होता."

डोमानं खुंटीवरून मला उतरवलं. मग म्हणाला, "दोर देतो. पन तुमच्या बांधीचं पानी माया बांधीत उतरते. तुमी अळ्या पाडसान आन त्या माया धानात येतीन. मंग?"

यादोरावला हे सुचलंच नव्हतं. तो जायला वळला.

"थांबा जी," डोमा म्हणाला. "दोन्ही बांध्या संगंच करू. एका मानसाचं कामच नोहे ते."

सकाळी दोघं बांधीच्या दोन धुऱ्यांवर उभे राहिले. एक टोक डोमाकडे, दुसरं यादोरावकडे. मी भिजून चांगलाच जड झालो होतो. त्यांनी मला धानावरून ओढत नेलं. पानं वाकली, झटका बसून पुन्हा उभी राहिली, आणि सुरळ्या टपटप पाण्यात पडल्या. धुरा फोडून पाणी काढलं, तिथे मंगलाबाई आणि सत्यभामाबाई जुनं लुगडं ताणून बसल्या होत्या. पाणी गाळून खाली गेलं आणि लुगड्यात सुरळ्यांचा ढीग साचला. तो त्यांनी खड्ड्यात पुरला.

एकदा करून भागलं नाही. पुन्हा पाणी भरून पुन्हा ओढावं लागलं. यादोरावची एक बांधी आधीच फार खाल्ली गेली होती, ती काही सुधारली नाही. बाकीच्या बांध्यांत मात्र नवी पानं फुटली. पुढे नत्थूही मला मागायला आला. बांधीत तो माझी थट्टा करील असं वाटलं होतं, पण त्यानं मुकाट्यानं टोक धरलं.

मित्रांनो, मी सगळ्या किडींवरचा इलाज नाही. दिवाळीआधी तुडतुडे, म्हणजे धानाच्या बुडाशी बसून रस शोषणारे किडे, आले, तेव्हा माझा उपयोग नव्हता. घरी आलेला कैलाश रोज बांधीत वाकून धानाच्या बुडाशी पाहायचा. तुडतुडे खाणारे कोळी भरपूर होते तिथे घरच्यांनी काही केलं नाही. वरच्या एका कोपऱ्यात तुडतुडे फार वाढले, तेव्हा तृप्ती मॅडमना दाखवलं आणि तेवढ्याच कोपऱ्यावर औषध मारायचं ठरलं. एकच औषध, सांगितलं तेवढंच. बाटली उघडण्याआधी असं वाकून पाहायला कोणाला जमत नाही? पण आपण बहुधा आधी बाटली उघडतो. माझं एवढंच मागणं आहे, की आधी पाहा, शेजाऱ्याला सांगा, आणि मग ठरवा.

त्या सकाळी यादोरावनं पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, हातमोजे चढवले, नाका-तोंडावर मास्क बांधला. घरून निघताना तो आधी आमच्या दारात आला. "डोमा, आज कोपऱ्यावर मारून राहिलो. येशील का?"

डोमा बैलांसोबत मलाही घेऊन गेला. तो बोडीच्या पाळीवर उभा राहून गवताचे शेंडे पाहत होता. यादोरावनं पंप सुरू केला, तेवढ्यात शेंडे बोडीकडे झुकले.

"थांबा जी! वारा फिरला."

यादोरावनं लगेच पंप बंद केला, पाठीवरून उतरवला, साबणानं हात धुतले आणि डोमाजवळ पाळीवर येऊन बसला. वारा पडायची वाट पाहत दोघं तसेच बसून राहिले.