बाहेरून कडी

वीस वर्षं ताई कुलपं बसवत होती, पण गिऱ्हाइकाला तिनं कधी 'कशाला?' म्हणून विचारलं नव्हतं. त्या दुपारी मात्र तिचा हात अडखळला.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाला आईच्या खोलीला बाहेरून कडी हवी होती. आईला विसर पडू लागला होता. महिन्यात चारदा ती घराबाहेर पडली, एकदा तर भर चौकात गाड्यांच्या मधोमध सापडली. मुलगा घरूनच काम करायचा, पण फोन कानाला लागला की त्याला कशाची शुद्ध नसे. बोलताना त्याची मान वर होत नव्हती.

नाही म्हणून निघावं, तर उद्या दुसरा कुणी कडी ठोकून जाणार. बसवावी, तर मन धजेना. माप घ्यायचंय असं सांगून ताई आजींपाशी बसली. साडेतीन वाजता आजींनी केस विंचरले, पिशवी घेतली आणि चपला शोधू लागल्या. धाकटीला शाळेतून आणायचं होतं. उशीर झाला की ती रडून घर डोक्यावर घेते, असं त्यांनी ताईला समजावून सांगितलं. धाकटीला आता स्वतःची दोन मुलं होती.

आई चारदा बाहेर पडली त्या वेळा ताईनं मुलाला विचारून घेतल्या. चारही दुपारच्याच निघाल्या. मग ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, तर तिथं तळ जळालेली तीन पातेली. त्याबद्दल मुलगा अवाक्षरही बोलला नव्हता.

तिनं कुलूप स्वयंपाकघराला लावलं. बाहेरच्या दाराला, उघडलं की वाजेल अशी घंटी बसवली. आणि साडेतीनला फोन ठेवून आईबरोबर शाळेपर्यंत जाऊन यायला मुलाला बजावलं.

"तिथं कुणीच नसेल तेव्हा काय सांगू तिला?"

"तुम्ही असाल ना," ताई म्हणाली. "मूलच तर आणायचंय त्यांना."

पुढं एका सकाळी घंटी वाजली तेव्हा तो आंघोळीत होता. आई खाली जिन्यात बसलेली सापडली, गुडघा खरचटलेला. त्यानं हे ताईला फोन करून सांगितलं. आपलं चुकलं का, हे तिला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण मुलानं तेव्हाही कडी मागितली नाही. न्हाणीघरात ऐकू जाईल अशी आणखी एक घंटी मिळेल का, एवढंच त्यानं विचारलं.