हरीशसाहेबांनी पाहिलेली आई

कुंदाच्या आईचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं अनसूयाबाईंना माहेरी कुणीतरी सांगितलेलं, आणि ते त्यांनी जन्मभर पाळलं. तरी आयुष्य कमी व्हायचं ते झालंच.

वर्षश्राद्धाला कुंदा तान्ह्या मुलीला घेऊन अकोल्याहून अमरावतीला आली, ती मनात एक भीती बाळगूनच. दुपारी मुलीला पाजताना ती आईला आठवू बघे. हात आठवायचा, खोपा आठवायचा. चेहरा मात्र काही केल्या जुळत नसे. वर्षात आपण आईला विसरलो? हे सांगायचं तरी कुणाला?

माजघरात नवी तसबीर लागली होती. कमलाकांतदादाने ती एका पेंटरकडून अंदाजाने काढवून घेतलेली. गोरी, गुबगुबीत, शालू नेसलेली बाई. मागच्या दाराशी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मोजून देता देता भाजीवाली पार्बताबाई आत डोकावली.

"कोन व माय हे? दादासाहेबाची सासू काय?"

"आई आहे ती," दादा तुटकपणे म्हणाला.

"काकू? बाप्पा! मंग तिकडं चांगली खाऊनपिऊन राहिली दिसते!"

कुंदाला हसू फुटलं, आणि हसता हसता एकदम आठवलं. "दादा, हरीशसाहेबांचं चित्र कुठं आहे रे?"

नाव त्यांचं हिर्श. या घरात त्याचं हरीश झालं. व्हिएन्नाचे चित्रकार. ज्यू म्हणून जर्मनांनी त्यांना देशोधडीला लावलं, तेव्हा बाबांनी, म्हणजे मोरोपंत वकिलांनी, त्यांना बाहेरची खोली दिली. वर्षभर ते या घरचं वरण-भाकरी जेवले. मग लढाई पेटली, आणि ज्यांनी हाकललं त्यांचाच माणूस म्हणून इंग्रजांचे पोलीस त्यांना धरून घेऊन गेले. जाताना त्यांनी माजघराच्या दाराला वाकून नमस्कार केला. आई दाराआड उभी होती. तिच्यासाठी एक चित्र ठेवून गेले. सगळे त्रिकोण, चौकोन, त्यात दोन नाकं. आई पदर तोंडाला लावून म्हणाली होती, "अगं बाई, यांनी तर माझं लोणचंच घातलं!"

चित्र गोठ्यात सापडलं. सरकीच्या पोत्यांवर झाकण म्हणून ठेवलेलं. कुंदाने पदराने पुसून ते उजेडात आणलं, आणि तिचा हात थांबला.

"हे मी अकोल्याला नेते."

"ने बापडे. पण भिंतीवर लावू नकोस, जावईबापू मला नावं ठेवतील."

"वांग्याचं भरीत हाये का व हे?" पार्बताबाईने विचारलं.

"नीट बघ ना दादा. आई परपुरुषासमोर कधी आली? त्यांना ती दिसली ती दाराआडूनच. हा वाढायला पुढे आलेला हात. हा वळतानाचा खोपा. हा फटीतला नथीचा मोती. ही उंबऱ्यावरून मागे फिरलेली टाच. दिसलं तेवढंच त्यांनी काढलं. उरलेलं मनाने भरलं नाही." ती चित्रावर वाकली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आणि आपण तरी तिला कधी एका जागी बसलेली पाहिली?"

पार्बताबाईने चित्रातल्या हाताकडे बोट केलं. "करंगळी वाकडी हाये. हे तं काकूच."

दादा खाली बसला. टाचेवरच्या एका बारीक तपकिरी रेघेवर त्याने बोट ठेवलं. "भेग आहे गं ही. मी एरंडेल लावून द्यायचो तिला. पाय मागे ओढायची... म्हणायची, सोड मेल्या, दूध उतू जाईल."

चार दिवसांनी श्राद्ध उरकलं. टांगा दाराशी आला. दादा चित्र बांधायला सुतळी घेऊन बसला खरा, पण गाठ काही मारीना. बोलल्या शब्दाला तो जागणारा होता. कुंदाने नुसतं 'आटप' म्हटलं असतं तरी चित्र तिचं होतं. मुलीला खांद्यावर घेऊन ती जरा वेळ उभी राहिली. मग तिने त्याच्या हातातली सुतळी काढून घेतली.

"राहू दे इथंच."

"अगं, पण तू..."

"मला दिसली ती. आता तू बघ."

दादाने नाक ओढलं. मान खाली घालूनच त्याने विचारलं, "कुंदे, या दोन नाकांतलं खरं कोणतं गं?"

"दोन्ही. ते एक चुलीकडे बघतानाचं," कुंदा टांग्यात चढत म्हणाली, "आणि दुसरं, आपण हाक मारल्यावरचं."