उजवीकडची लाल खुर्ची

मित्रांनो, मत्सर फक्त माणसांनाच होतो असं तुम्हाला वाटत असेल, तर जरा माझ्याजवळ या. मी कडुनिंबाच्या लाकडाची जुनी खुर्ची. शिरड शहापूरला रत्नपालदादांच्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीशी माझी जागा.

लखमा सुताराने एक्क्याण्णव साली मला घडवलं. रंध्याखालून माझ्या कडू वासाच्या ढलप्या निघत होत्या आणि लखमा म्हणत होता, "रत्नपाल, तुझ्या नातवाला बी पुरंल ही. वाळवी तोंड लावनार न्हाई हिला." ते ऐकून मी जी ताठ झाले, ती ताठच राहिले. तोच माझा गुण आणि तोच दोष.

रत्नपालदादा एस.टी.चे ड्रायव्हर. ड्युटीवरून आले की खाकी शर्ट माझ्या पाठीवर टाकायचे. पण मी खरी संध्याची. त्यांची ही एकुलती लेक तेव्हा सहा वर्षांची होती. माझ्यावर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत. पाढे तिने माझ्यावर बसून म्हटले, दहावी माझ्यावर बसून केली. माझ्या उजव्या हातावर तिच्या शाईचे डाग आहेत, आणि डाव्या हातावर ती गाल टेकून कितीदा झोपली आहे. तिचे पाय जमिनीला कधी टेकले, ते तिच्या आईच्याही आधी मला कळलं.

पुढे तिला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि ती नागपूरला विमान चालवायला शिकायला गेली. घरात कौतुकाला भरतं आलं. तिची आई करुणाताई तांदूळ पाखडता पाखडता गुणगुणायची,

उंच उंच आभाळात घार घालीती गं फेऱ्या,
माझ्या संध्याच्या गं वाटा, वाटा तिथं बी कोऱ्या.

मित्रांनो, त्या ओवीत घार होती, आभाळ होतं. खुर्ची कुठेच नव्हती. तिथूनच माझ्या मनात पहिला काटा रुतला.

२००६ साली संध्या लायसन घेऊन परत आली. नोकरी मात्र लागेना. दोन कंपन्यांच्या मुलाखतींना जाऊन आली, दोन्हीकडे नाकारली गेली. दुसऱ्या वेळी आली ती माझ्यावर बसून आईला म्हणाली, "आई, इमानासारख्या यंत्रात बसवून परीक्षा घेतेत. शेजारी मोठा कॅप्टन असतो. त्यानं मुद्दाम उंची चुकीची सांगितली. मला कळलं होतं गं."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"एवढ्या मोठ्या माणसाला चुकला म्हणून कसं म्हणू? तोंडच उघडलं न्हाई."

दारात बूट काढत असलेले रत्नपालदादा तसेच थांबले. मोठी माणसं बोलत असताना मधे तोंड घालू नये, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. माझ्यासमोर, बोट नाचवून.

मग हैदराबादच्या एका छोट्या विमान कंपनीचं तिसरं बोलावणं आलं. गुरुवारी मुलाखत. इकडे औंढ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा तिला मिळत होती, त्यांना शनिवारपर्यंत होय की नाही ते हवं होतं. संध्याने आईला शब्द दिला, "ह्या बारीला न्हाई झालं तर शाळेत रुजू होते. पुन्हा इमानाचं नाव काढणार न्हाई."

आणि त्याच आठवड्यात ती आली. लाल प्लॅस्टिकची खुर्ची! हिंगोलीच्या बाजारातून एस.टी.च्या टपावर बसून आली. ना वजन, ना वास. जरा वारा सुटला की अंगणात कोलमडायची, आणि मी मनातल्या मनात हसायची. पण माझं हसू टिकलं नाही.

संध्याने चार तावांवर विमानातली सगळी घड्याळं, बटणं, दांडे काढले आणि ते ताव भिंतीला चिकटवले. समोर दोन खुर्च्या मांडल्या, डावीकडे मी, उजवीकडे ती लाल. आता ही माझ्यावर बसेल म्हणून मी सरसावले, तर ती त्या लालवर जाऊन बसली.

"आई, शिकताना आमी डावीकडं बसायचो. नोकरीत डावी खुर्ची कॅप्टनची. नव्या माणसाची उजवी. हात उलटे पडतेत, सवय कराया पायजे."

कारण ऐकलं, तरी पटलं नाही. पंधरा वर्षं मी तिला उचललं आणि परीक्षेच्या वेळी दुसरीच पुढे! तिची बोटं त्या लाल हातावर ठेका धरायची तेव्हा माझ्या सांध्यांतली चूळ न् चूळ सैल व्हायची. तुमच्यापासून काय लपवू, मी मनात म्हटलं, ही नापास होऊ दे. शाळेत लागू दे. संध्याकाळी वह्या तपासायला माझ्यावरच बसेल.

कॅप्टन व्हायला घरात एकच माणूस होता. रत्नपालदादा माझ्यावर बसले. संध्याने त्यांना कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत लिहून दिलं होतं, कशानंतर काय म्हणायचं ते. पण सोमवारी त्यांनी चाकं खाली करायचा हुकूम मुद्दाम गाळला आणि एकदम म्हणाले, "चला, उतरून राहिलो आपण."

संध्याची नजर चाकांच्या दांड्यावर गेली. ओठ हलले. आवाज नाही.

"मेली समदी," रत्नपालदादा शांतपणे म्हणाले. "चाकं वरच होती. तुला दिसलं व्हतं का न्हाई?"

"दिसलं होतं, बाबा."

मग ते माझ्यावर तिरके वळले. माझे सांधे करकरले.

"हे बघ लेकरा. तीस वर्सं झाली, स्टेअरिंग माझ्या हातात हाय. पर घंटी कोनाच्या हातात? कंडक्टरच्या. मिसरूड न फुटलेलं पोरगं ड्युटीवर आलं आन् त्यानं एक घंटी मारली, की म्या ब्रेक दाबला. पहिले ब्रेक, मंग काहून म्हणून इचारलं. त्यात माझी इज्जत गेली का? त्याला मागलं दार दिसतं, मला दिसत न्हाई. मधी बोलू नको म्हणून म्याच तुला शिकवलं. घरात ते ठीक व्हतं. गाडीत मार घंटी!"

पुन्हा उतरायची वेळ आली. पुन्हा त्यांनी चाकं गाळली.

"बाबा, चाकं..."

"ही घंटी हाय का मुंगीचा पाय वाजला? मागल्या शिटावरच्या म्हातारीला ऐकू आली पायजे!"

"बाबा, चाकं खाली न्हाईत! उतरू नका!"

भिंतीपलीकडून शेजारच्या अनुसयाबाईंचा आवाज आला, "काय झालं गं करुणा? पोरगी बापाला काहून वरडून राहिली?"

"नोकरीसाठी वरडून राहिली, अनुसयाबाई!"

"माय! आमच्या घरी तर फुकटच वरडतेत!"

सगळे हसले. ती लाल खुर्चीसुद्धा डुलली. मी तेवढी हसले नाही.

बुधवारी संध्या निघाली. दारातून वळून तिने भिंतीवरच्या तावांकडे पाहिलं, लाल खुर्चीची पाठ थोपटली. माझी नाही.

शनिवारी सकाळी फोन वाजला. करुणाताईंनी पिठाच्या हातानेच उचलला. "झालं, आई! शेजारच्या साहेबानं पुन्हा उंची चुकवली. मी म्हटलं, सर, उंची चुकली, थांबा. ते डोळे वटारून म्हणाले, मला शिकवतेस? मी अजून मोठ्यानं सांगितलं. घेतलं मला!" करुणाताई मटकन खाली बसल्या, जमिनीवरच. रत्नपालदादांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. औंढ्याच्या शाळेला नकार कळवला गेला. आणि मी, जिने ती नापास व्हावी असं मागितलं होतं, खिडकीशी ताठ उभी राहिले.

त्याला आता दोन वर्षं झाली. रत्नपालदादा निवृत्त झाले. लाल खुर्ची पाहुण्यांची, आणि दादांची बैठक माझ्यावर. आपलं कुणीतरी आहे, या सुखात मी होते. यंदाच्या उन्हाळ्यात माझा मागचा पाय सांध्याशी आतून चिरला. मी करकरलेही नाही. करकरले असते तर त्यांनी मला बाजूला ठेवलं असतं आणि त्या लालला जवळ केलं असतं.

काल बुद्धपौर्णिमेच्या सुटीवर संध्या घरी आली. रत्नपालदादा वाफाळता चहा घेऊन माझ्यावर टेकायला वाकले, तोच दारातून तिचा आवाज आला, मोठा, खणखणीत.

"बाबा, थांबा! बसू नका!"

ते अर्धे वाकलेले तसेच सरळ झाले. मग विचारलं, "काहून गं? लखमानं केलेली हाय ती, हत्ती बसला तरी..."

"मागचा पाय गेलाय. वाकडा दिसून राहिला. तुमी इकडं या."

तिने लाल खुर्ची ओढली. ते तिच्यावर बसले. माझ्या अंगाची आग झाली. मग माझं लक्ष त्यांच्या हातातल्या कपाकडे गेलं. तो चहा उकळता होता, मित्रांनो. त्यांचे गुडघे साठीचे आहेत. आणि मी गप्प राहिले होते.

संध्याने मला अंगणात नेऊन उलटी केली. माझ्या चिरेवरून बोट फिरवलं. लहानपणी ती अशी कधी माझ्या पायांशी बसली नव्हती. "आई, लखमाकाका अजून काम करतेत का गं?"

"करतेत की. पर आता हळू करतेत."

"करू द्या हळू. पाय बदलायचा, दुसरं काही न्हाई."

मित्रांनो, जुन्या वस्तूवर तुमची माया असेल, तर नुसते तिच्यावर बसू नका. कधी वाकून तिचे पायही बघा. आम्ही जुन्या खुर्च्या फार मानी असतो, मोडलो तरी सांगत नाही. मी आता उन्हात पाय वर करून पडले आहे. आतून त्या लालवर बसलेल्या रत्नपालदादांचं हसणं ऐकू येतंय, आणि खरं सांगते, अजूनही थोडं जळतं. पण लखमा येईपर्यंत माझ्यावर कुणालाही बसू देऊ नका.