हा कात्री

"म्हणजे माझं डोकं उघडं आणि मी गप्पा मारतोय?" लिलाववाल्यांना ते काही केल्या पटेना.

"गप्पा नाही, चित्रं ओळखायची," ती म्हणाली. "मेंदूला स्वतःला दुखत नाही. डॉक्टर विजेच्या बारीक काडीनं एकेक जागा क्षणभर बंद पाडून बघतात. तिथे तुमचं बोलणं अडलं, तर ती जागा कापायची नाही."

"आणि अडलं हे ठरवणार कोण?"

"मी."

त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ती डॉक्टर नव्हती. मेंदूविज्ञानात पीएच.डी. करत होती, तिसरं वर्ष चालू होतं. अशा शस्त्रक्रियांमध्ये आजवर ती मार्गदर्शक मॅडमच्या शेजारी उभी राहिली होती. या खेपेला खुर्ची पहिल्यांदाच तिची एकटीची होती.

लिलाववाले घाऊक भाजी बाजारात बोली पुकारायचे. आवाज असा, की गेटाबाहेरच्या हमालालाही कोबीचा भाव कळावा. एका सकाळी भर बोलीत त्यांची जीभ अडखळली, आणि पाठोपाठ झटका आला. तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात, लिंबाएवढी गाठ दिसली.

सरावाला ते बायकोला घेऊन यायचे. ती चित्रं दाखवायची, ते पूर्ण वाक्य म्हणायचे: हा हत्ती आहे. ही शिडी आहे. हे कुलूप आहे.

"नुसतं शिडी म्हटलं तर नाही चालत?"

"नाही. मला तो 'हा, ही, हे'च हवा असतो. माझा सगळा अभ्यास त्यावरच आहे."

"एवढ्याशा शब्दावर पीएच.डी.?" ते खो खो हसले. "सरकारकडे फारच पैसा झालाय!" तेव्हापासून ते तिला चित्रवाल्या बाई म्हणू लागले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बायको औषधं आणायला खाली गेली, तेव्हा त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "बाई, एक सांगून ठेवतो. गाठ थोडी राहिली तरी चालेल. पण मुका करून घरी पाठवू नका मला. आयुष्यभर ओरडून पोट भरलंय. तसं जगण्यात मला राम वाटत नाही."

तिनं ते सर्जनच्या कानावर घातलं. "सगळे असंच म्हणतात," सर्जन म्हणाले, आणि फोन घ्यायला वळले.

थिएटरमध्ये ती हिरव्या कापडाच्या तंबूखाली, लिलाववाल्यांच्या तोंडासमोर बसली. कापडाच्या पलीकडे सर्जन. हातात चित्रांचा टॅब. बराच वेळ सगळं सुरळीत चाललं. एका जागेवर बोलणं साफ बंद पडलं. सर्जननी तिथे कागदाचा चिमुकला तुकडा ठेवला आणि ती जागा सोडून गाठ काढत आत गेले. मध्येच लिलाववाले पुटपुटले, "माझ्या मेंदूला काय भाव आला हो?" भूलतज्ज्ञालाही हसू आवरलं नाही.

मग कात्रीचं चित्र आलं.

"हा... कात्री आहे."

तिचा हात थबकला. "सर, तीच जागा पुन्हा."

"हा कात्री आहे," लिलाववाले म्हणाले. आपलं काही चुकलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली.

"का? शब्द आला ना?"

"शब्द आला. पण कात्रीला 'हा' म्हणाले. दोन्ही वेळा."

"हा काय आणि ही काय!" सर्जनचा आवाज चढला. "याच्यामागे अजून गाठ आहे. आज ठेवली तर ती परत येणार, हे तुलाही माहीत आहे."

तिला माहीत होतं. तिला हेही माहीत होतं, की मॅडमबरोबर पाहिलेल्या रुग्णांमध्ये जिथे 'हा-ही' चुकला त्या जागेच्या आसपास कापल्यावर पुढे शब्दही गेले होते. पण असे रुग्ण होते किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं मॅडमच तिला शिकवत आल्या होत्या. समोर लिलाववाले पुढच्या चित्राची वाट बघत होते.

"सर, थांबा."

कापडापलीकडे सर्जननी हत्यार ट्रेमध्ये टाकल्याचा आवाज आला.

लिलाववाले बोलत घरी गेले. किरणोपचार चालू असतानाच एकदा बाजारात जाऊन, पालथ्या क्रेटवर बसून त्यांनी टोमॅटोचा लिलाव पुकारला. त्याचा व्हिडिओ त्यांनी तिला पाठवला. मॅडमनी तिची नोंद पाहिली आणि म्हणाल्या, "इतकी स्वच्छ नोंद मी पाहिलेली नाही. हे तुझ्या प्रबंधाचं सगळ्यात भक्कम प्रकरण होणार." ती त्या दिवशी हवेत होती.

वर्षाच्या आत गाठ परतली, राहिलेल्या तुकड्यातूनच. आता ती इतकी पसरली होती, की पुन्हा उघडण्यात अर्थ नव्हता. त्यांना भेटायला चित्रवाली वॉर्डात गेली तेव्हा लिलाववाल्यांचे शब्द गेले होते. ऐकलेलं कळत होतं, बाहेर मात्र फक्त "अं... अं..." येत होतं. नियमाप्रमाणे तिनं चाचणीसाठी पहिलं चित्र पुढे केलं. त्यांनी टॅब हातानं बाजूला सारला.

"ठेवा ते," बायको म्हणाली. "सर्जन मला म्हणाले, आत अजून होती, पण तुमच्या बाईंनी थांबवलं. खरं आहे?"

"हो."

"का?"

"त्यांनीच मला सांगितलं होतं. थोडी राहिली तरी चालेल, पण बोलणं जायला नको."

बायको तिच्याकडे बघतच राहिली. "ऑपरेशनच्या आधी मला रात्रभर हात धरून सांगत होते, सगळी काढायला लाव. मुका झालो तरी चालेल, खुणेनं बोलीन, पण पोरींची लग्नं बघायची आहेत मला." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, कोणाला खरं सांगितलंत? मला की यांना?"

लिलाववाल्यांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मग त्यांनी उशीत तोंड खुपसलं, आणि त्यांची पाठ गदगदू लागली. बायको पाठीवर हात फिरवत म्हणाली, "असू द्या, असू द्या." चित्रवाली टॅब छातीशी धरून तशीच उभी राहिली. तिला जा असं कोणी म्हटलं नाही, थांब असंही नाही.

त्याच महिन्यात ते गेले.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं. "काम उत्तम आहे. पण समजा तुम्ही थांबवलं नसतं आणि तरीही बोलणं टिकलं असतं, तर?"

"तर ते कदाचित अजून जगले असते," ती म्हणाली.

"म्हणजे तुमचा निर्णय चुकला?"

"माहीत नाही सर. ते या नोंदींवरून कळणार नाही."

परीक्षकांनी मान डोलावली आणि पान उलटलं. पदवी मिळाली. घरी आईनं शेजारच्यांना बोलावून तिचं कौतुक केलं. ती सगळ्यांसमोर हसली आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली.

तिनं ते काम सोडलं नाही. मात्र आता शस्त्रक्रियेआधी ती रुग्णाला आणि घरच्यांना एकत्र बसवते, सर्जननाही बोलावून घेते आणि सगळ्यांसमोर विचारते: गाठ जाऊ दे की बोलणं राहू दे? पुष्कळदा तिथेच भांडण जुंपतं. एकदा एक म्हातारे गृहस्थ मुलावर ओरडले, "मला विचारलंय, तू गप्प बस!" आणि लगेच तिला म्हणाले, "तो म्हणतो तसं करा." ती त्या दोघांसमोर बसून राहिली, आणि तिनं तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारला.