न कापलेली वीत

“ताका पूर्ण उलगडा,” मोटारकंपनीकडून आलेल्या रुचिका मॅडम म्हणाल्या आणि पुतळाबाईने मनातल्या मनात देवाला हाक मारली.

आजवर कंपनीचा माणूस यायचा, ताक्याचं वरचं कापड चाचपायचा, चहा प्यायचा आणि जायचा. पण परदेशी गाड्या स्वस्तात येऊ लागल्यापासून देशी मोटारकंपनीचं धाबं दणाणलं होतं. सीटचं कापडसुद्धा चीनमधून मागवायचं घाटत होतं. आज हा ताका पास झाला तर वर्षभराचं काम खारबावच्या या शेडमध्ये राहणार होतं. नाहीतर लूम बंद. आणि तपासायला आलेली ही पोरगी चहालाही नको म्हणाली होती.

पुढच्या खोलीतल्या दिवे लावलेल्या टेबलावर राखाडी कापड सरकू लागलं. पुतळाबाईचा नवरा तुळशीराम ताका फिरवता फिरवता तिच्याकडे बघून हसलासुद्धा. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

लूमवर उभ्या धाग्यांचं नवं बीम चढलं की विणलेल्या पहिल्या वितीला ओलं कुंकू लावायचं आणि ताका उतरला की ती वीत कापून देवापुढे ठेवायची, ही या घरची रीत. कापायचं काम पुतळाबाईचं. या खेपेला तिने कापलंच नाही. मागचे ताके कंपनीतून नापास होऊन परत आले होते. वाटलं, देवाचा आशीर्वाद कापून कशाला काढायचा? जाऊ दे की कापडासंगती. पहिली वीत ताक्याच्या पार पोटात जाते, तिथवर कोण बघतंय?

आता मॅडम बघत होत्या.

“वाईच बसा ना मॅडम, सरबत तरी घ्या,” पुतळाबाई म्हणाली.

“नको काकी. झालंच.”

ताका बारीक होत चालला. एरवी उठसूट जाणारी वीज आज जायचं नाव घेत नव्हती. मग कापडावर एक फिकट गुलाबी ठिपका आला. पुढच्या वेढ्यावर तोच, जरा गडद. तुळशीरामचा हात थबकला.

“फिरवा,” मॅडम म्हणाल्या.

शेवटची वीत लालभडक निघाली.

तुळशीरामला बघताक्षणी कळलं. “मशीनचा कायतरी लागला असंल,” तो घाईघाईने म्हणाला. “माजी चूक हाय.”

“न्हाय मॅडम. कुंकू हाय तो. मीच लावलाय,” पुतळाबाई पुढे झाली. “कापायचा व्हता, न्हाय कापला. कंपनीचा पन भला व्हावा म्हनून.”

मॅडमनी कुंकवाच्या डागावरून बोट फिरवलं.

“माझ्या आईनेही हेच केलं असतं, काकी. पण आतले सगळे वेढे डागाळलेत. चीनच्या कापडात एक डाग सापडत नाही. मी वर काय सांगू?”

त्यांनी डागाचा फोटो काढला आणि मान खाली घालून त्या गाडीत बसल्या.

“शेट, लूम बंद करू काय?” आतून येऊन कारागीर सुभाषने विचारलं. तुळशीराम डागाळलेलं कापड गुंडाळत राहिला. मग पुतळाबाईच आत गेली आणि तिने एकेका लूमचा दांडा ओढून ती बंद केली. शेवटची लूम थांबली तसं तिला रडू आवरेना. मागून तुळशीराम आला. आता हा काय बोलेल ते मुकाट ऐकायचं, असं तिने ठरवलं.

“सकालधरनं उपाशी हाय तू! दोन घास खाऊन घे!” लूमच्या खडखडाटात बोलायच्या सवयीने तो केवढ्याने तरी ओरडला.

“तुमी पन चला!” डोळे पुसत तीही तेवढ्याच मोठ्याने म्हणाली.