सहा जबडे

मुंबईतील एका दंत महाविद्यालयाच्या संग्रहालयात, दारापासून तिसऱ्या कपाटात, प्लास्टरचे सहा जबडे ओळीने मांडून ठेवले आहेत, मागे त्यांच्यावरचा छापील लेख लावलेला आहे. त्यांच्या शेजारी सातव्याची जागा रिकामी आहे. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना हे कपाट दाखवले जाते आणि दाखवणारा दरवर्षी हळहळतो, की इतकी दुर्मिळ मालिका अपुरी राहिली. ती का अपुरी राहिली हे मला ठाऊक आहे. त्या सहाही जबड्यांची मापे मी स्वतः घेतली होती.

१९८४ साली, गणपती विसर्जनानंतरच्या पंधरवड्यात, आम्ही पेणला एका शाळेत दंततपासणी शिबिर भरवले. शिबिराचा उद्देश लोकांच्या दातांची काळजी हा होता, असे फलकावर लिहिले होते. आमचे विभागप्रमुख डॉ. दिनानाथ सबनीस तोंडाच्या दुर्मिळ विकारांचे अभ्यासक होते आणि कीड लागलेल्या दाढांकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर एक सभ्य कंटाळा होता. मी त्यांचा अधिव्याख्याता, शिवाय माझा प्रबंध त्यांच्याच हाताखाली चालू होता. सबनीस दुष्ट नव्हते. दुष्टपणाला समोरच्या माणसाची दखल घ्यावी लागते, आणि तेवढी तसदी ते घेत नसत.

दुपारी शिवा आला. गणपतीच्या कारखान्यात साचे बनवणारा हा माणूस. बोटांच्या पेरांत प्लास्टर कायमचे बसलेले. त्याच्यासोबत त्याची बारा वर्षांची मुलगी होती, चंद्रावती. तिचे ओठ मिटत नव्हते. वरची आणि खालची हिरडी वाढून इतकी जाड झाली होती की दातांची फक्त टोके दिसत होती, तांदळाच्या कण्यांएवढी.

“दात हायत, साहेब,” शिवा म्हणाला. “आत हायत. बाहेर येत नायत. माझ्या आयशीला, काशीबाईला, असंच होतं. ती तशीच गेली. हिचं काय होईल का?”

सबनीसांनी आरसा आत घातला, विजेरी फिरवली आणि म्हणाले, “सुंदर!”

शिवा हसला. आपल्या पोरीच्या तोंडाला कोणी सुंदर म्हटल्याचे त्याने प्रथमच ऐकले होते. सबनीस हिरड्यांविषयी बोलत होते, हे त्याला कोण सांगणार?

हा विकार आनुवंशिक आहे, फार विरळा आहे, आणि त्यावरचा इलाज मात्र अगदी सामान्य आहे. वाढलेली हिरडी कापायची, चार बैठकांत, तोंडाचा एकेक चतुर्थांश. जागा बधिर करून करायचे काम. तालुक्याच्या रुग्णालयातही होऊ शकणारे. काही वर्षांनी हिरडी पुन्हा वाढू शकते, मग पुन्हा कापायची. कायमचे दात आले की हे करावे, असे पाठ्यपुस्तक सांगते. चंद्रावतीचे दात आले होते, फक्त झाकलेले होते. क्ष-किरण चित्रात ते सगळे मला दिसले. सबनीसांनाही दिसले.

पण कापलेल्या हिरडीचे वर्णन करणारे लेख जगात पुष्कळ होते. न कापलेल्या हिरडीचा वर्षानुवर्षे ठेवलेला पाठपुरावा जवळजवळ नव्हता. सबनीसांनी खुर्ची शिवाकडे वळवली.

“तुम्ही साचा कधी सोडवता?”

“आतलं सुकल्यावर.”

“आणि ओला असताना सोडवला तर?”

“मूर्ती तुटेल की. सोंड पयली जाईल.”

“मग? हिचा जबडा अजून ओला आहे. आम्ही दरवर्षी माप घेऊ. सुकला की सांगू.”

दुसऱ्या कोणाला हे पटले नसते. शिवाचे सारे कसब थांबण्याचे होते. घाईने सोडवलेल्या मूर्ती त्याने आयुष्यभर ढिगाऱ्यात टाकलेल्या पाहिल्या होत्या, आणि घाई करणाऱ्या कारागिरांना शिव्याही दिल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी त्याच्याच धंद्याची गोष्ट त्याला सांगितली. ती त्याने प्रमाण मानली आणि पाच वर्षे थांबला. त्याच्या हातून झालेली चूक ती एवढीच.

दर भाद्रपद सरला की मी पेणला जात असे. चंद्रावतीच्या तोंडात माप घेण्याच्या मऊ लगद्याने भरलेला साचा दाबायचा, ती ओकारी आवरत डोळे मिटून बसायची, लगदा घट्ट झाला की साचा काढायचा आणि त्यात प्लास्टर ओतायचे. तो जबडा मुंबईला न्यायचा. पहिल्या वर्षी मी वापरलेला साचा टाकायला निघालो तेव्हा शिवाने हात पुढे केला.

“फेकताय? द्या इकडं. अजून एक निघंल.”

आणि त्याने लगदा आक्रसण्याआधी, माझ्याहून सफाईने, त्यातून दुसरी प्रत काढली. बुडाशी खिळ्याने साल कोरले. कारखान्यात प्रत्येक मूळ मूर्तीची एक प्रत राखून ठेवायची रीत असते, तशी त्याने ती फळीवर ठेवून दिली. तिथून पुढे प्रत्येक जबड्याच्या दोन प्रती झाल्या: एक विज्ञानाकडे, एक बापाकडे.

चंद्रावती माझ्याशी फारशी बोलत नसे. बोलले की शब्द हिरडीत अडकत. आठवीत तिने शाळा सोडली आणि घरी आईबरोबर पापड लाटू लागली. पेणात ते काम घरोघर चालते. एकदा मी विचारले, “तुला काय करावंसं वाटतं?”

“भाजलेला पापड खायचाय,” ती म्हणाली. “मी भिजवून खाते. भिजवलेला पापड म्हंजे काय, कागदच.”

मी हसलो. ते हसणे मला आजही आठवते आणि त्याबद्दल मी स्वतःला कोणतीही सवलत देत नाही.

पाच मापे पुरी झाल्यावर आमचा लेख तयार झाला. नियतकालिकाच्या परीक्षकाने एकच प्रश्न विचारला: इलाज उपलब्ध असताना रुग्णावर तो का केला गेला नाही? प्रश्न सरळ होता. सबनीसांनी तो कागद माझ्याकडे सरकवला.

“एक ओळ घाल. पालकांनी नकार दिला म्हणून.”

“सर, त्यांनी कधी…”

“तुझा प्रबंध पुढच्या महिन्यात समितीपुढे आहे ना?”

मी ओळ घातली. ‘पालकांनी शस्त्रक्रियेस नकार दिला.’ माझे अक्षर त्या दिवशी नेहमीसारखेच नीटनेटके होते. सहावे माप घेऊन मी परतलो त्याच आठवड्यात, १९८९ च्या ऑक्टोबरात, लेख छापून आला. पहिले नाव सबनीसांचे, दुसरे माझे. चंद्रावतीचे छायाचित्र होते, आणि तिची ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी छापली होती. तोंड उघडे होते. पेणात तिला डोळ्यांवरून ओळखणारा एकही माणूस नव्हता. ओळखत होते ते सगळे त्या तोंडावरूनच. संशोधनातील नीतिमत्तेचे सगळे नियम मात्र पाळले गेले होते.

पुढचे मला मुनीराने कळवले. मुनीरा माझी जुनी विद्यार्थिनी, पेणजवळच्या रोह्याची, आणि तेव्हा तिथल्या सरकारी दवाखान्यात दंतवैद्य. शिवाची बहीण इंदुबाई रोह्याला दिलेली. दिवाळीला भाऊ आणि भाची आले तेव्हा इंदुबाईला राहवले नाही. “चल गो चंद्रे,” म्हणत ती पोरीला आणि भावाला घेऊन दवाखान्यात गेली. मुनीराने तोंड पाहिले आणि ओळखले. आमचा लेख असलेला अंक तिच्या टेबलावरच होता. ती शिवावर उखडली.

“पाच वर्षं पोरीला असं ठेवलंत? आधी नको म्हणायचं, आणि आता माझ्याकडं यायचं?”

“नको? कोण नको म्हनलं?”

“तुम्ही! छापलंय इथं. पालकांनी नकार दिला.”

“बाय, मी थांबलो,” शिवा म्हणाला. “थांबा म्हनले, म्हनून थांबलो. नाय कधी म्हनलो मी?”

इंदुबाईने पदर कमरेला खोचला. “माझा भाव कुनाला नाय म्हनत नाय, त्येचंच तर वाटोळं झालंय! कोन लिवतो असलं? बोलवा त्याला इकडं!”

मुनीराचे पत्र चार ओळींचे होते. ‘सर, शिवा म्हणतात की त्यांनी नकार दिलेला नाही. लेखावर तुमचे नाव आहे. दोघांपैकी खोटे कोण बोलते ते त्यांना समोर जाऊन सांगा. चंद्रावतीला मी पुढच्या सोमवारी घेत आहे.’

मी पेणला गेलो. हंगाम संपलेला, कारखाना रिकामा. फळीवर न विकलेल्या, रंग न दिलेल्या चार मूर्ती, आणि त्यांच्या शेजारी सहा जबडे. शिवाने ते उतरवून माझ्यासमोर पाटावर ओळीने मांडले. चंद्रावती दारात उभी होती.

“मी नको म्हनलो, हे कोणी लिवलं?” शिवाने विचारले.

“मी.”

“मोठ्या डॉक्टरांनी नाय?”

“त्यांनी सांगितलं. लिहिलं मी.”

तो ओरडला असता तर मला सोपे गेले असते. त्याने पहिला जबडा उचलून माझ्या हातात दिला. “बगा. चौऱ्याऐंशी. टोकं दिसतात. हा शहाऐंशी. टोकं गेली. हा ह्या सालचा. नुसतं मास.” मग सहाही जबड्यांवरून बोट फिरवत म्हणाला, “मी साचेवाला मानूस. सुकलं का ओलं, ते बोट लावून सांगतो. पयल्या सालीच सुकलेलं होतं हे. मला दिसत होतं. पन मला वाटलं, तुमाला जास्त कळतं. यातला कुठला ओला हाय, तेवढं सांगा.”

एकही ओला नव्हता.

त्याने माझ्या पिशवीतून डोकावणारा अंक ओढून घेतला आणि छायाचित्राचे पान उघडले. पट्टीवर त्याचे पांढरे बोट बराच वेळ टेकलेले होते.

“आमच्यात डोळे शेवटी आखतात,” तो म्हणाला. “सगळी मूर्ती झाल्यावर. जो कारागीर सगळ्यात चांगला, तोच आखतो. तुमी सुरुवातच डोळे पुसून केली.”

“बा, बास,” चंद्रावती दारातून म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. पाच वर्षांत ती प्रथमच माझ्याकडे सरळ पाहत होती. “सोमवारी येताय का रोह्याला? मुनीराबाईंना हाताखाली मानूस पाहिजे. रक्त पुसायला.”

मी गेलो. पेणहून रोह्याच्या गाडीत ती आणि शिवा समोर बसले होते. दवाखान्यात मुनीराने सुई टोचण्यापूर्वी तिला सगळे समजावले: किती कापणार, किती दुखेल, पुन्हा वाढू शकते.

“परत वाढलं तर?”

“परत कापू.”

“मग चालंल. पापड पन दर साली लाटतोच ना आमी. एकदा लाटला म्हनून संपतो काय?” ती खुर्चीत मागे टेकली. “कापा. फोटो नाय काढायचा.”

चार सोमवार लागले. मुनीराने कापले, मी रक्त पुसले. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान मुलगी मला ‘सर, नळी धरा’, ‘सर, हात काढा’ म्हणत होती, आणि त्या खोलीत माझी पायरी नेमकी तीच होती. प्रत्येक बैठकीत हिरडीखालून दात निघाले. पांढरे, सरळ, पूर्ण वाढलेले दात. पाच वर्षांपूर्वीच्या चित्रात ते असेच होते.

मी नियतकालिकाला दुरुस्तीचे पत्र पाठवले: पालकांनी नकार दिला नव्हता, ते विधान खोटे आहे, ते मी लिहिले. संपादकांनी अत्यंत सौजन्याने कळवले की दुरुस्तीवर दोन्ही लेखकांच्या सह्या लागतात. सबनीसांनी सही केली नाही. त्यांनी मला माफ केले. “तरुणपणी माणूस भावनाशील असतो,” ते म्हणाले आणि लगेच विचारले, “शस्त्रक्रियेनंतरचं माप घेतलंस का?”

जानेवारीत ते स्वतः पेणला आले. सामान उचलायला मी सोबत होतो. कारखान्यात नव्या हंगामाचे काम सुरू झाले होते. सबनीसांनी शिवाच्या खांद्यावर हात ठेवला.

“काय शिवा, सुकला की नाही शेवटी जबडा? आता हा सातवा तेवढा घेऊ. म्हणजे मालिका पूर्ण होईल. जगात कुठे नाही अशी.”

शिवाने मुलीकडे पाहिले. ती घमेल्यात प्लास्टर कालवत होती.

“ये पोरी, बस. तोंड उघड. पाच मिनिटांचं काम.”

चंद्रावतीने हात धुतले, पदराला पुसले, येऊन स्टुलावर बसली. सबनीसांनी लगदा भरलेला साचा तिच्या तोंडाजवळ नेला. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि ओठ मिटले. वरचा ओठ खालच्या ओठावर पूर्ण टेकला, कुठेही फट न राहता. सबनीस साचा धरून थांबले. घट्ट होऊ लागलेला लगदा त्यांच्या बोटांवरून ओघळला आणि तसाच चिकटून राहिला.

“अगं, उघड ना.”

तिने ओठ उघडले ते एका शब्दापुरते.

“नाय.”

मग ती उठून घमेल्याकडे गेली, कारण प्लास्टर कोणासाठी थांबत नाही.

सबनीस कसलेले संशोधक होते. परतल्यावर त्यांनी रिकाम्या जागेसमोर टंकलिखित चिठ्ठी लावून घेतली. ती अजून तिथे आहे: ‘रुग्णाने पुढील तपासणीस नकार दिला.’

त्या कपाटातील तेवढे एकच वाक्य खरे आहे.